मॅग्लेव्ह रेल्वे जगभर का पसरली नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२१ एप्रिल २०१५ रोजी जपानमधल्या यामानाशीच्या चाचणीमार्गावर माणसं बसलेली गाडी ताशी ६०३ किलोमीटर वेगाने धावली. त्या बातमीपासून लोक एकच गोष्ट विचारत आलेत. इतकी वेगवान गाडी तयार आहे, तर ती सगळीकडे का दिसत नाही? कोणी म्हणतं महाग आहे, कोणी म्हणतं धोकादायक आहे, कोणी म्हणतं विमान कंपन्यांनी दाबून टाकली. माझं म्हणणं आधीच सांगते. या गाडीला आधीच्या कुठल्याही रुळाशी जोडून घेता येत नाही, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. बाकीच्या बहुतेक अडचणी याच एका अडचणीला येऊन मिळतात.

मॅग्लेव्ह म्हणजे नेमकं काय? गाडी खरंच तरंगते?

हो, खरंच तरंगते. पण चुंबकाचे सारखे ध्रुव समोरासमोर धरले की झालं, इतकं ते सोपं नाही. घरी करून पाहा. जुन्या स्पीकरमधली दोन कड्यांसारखी चुंबकं एका पेन्सिलीत ओवली, तर वरचं चुंबक छान अधांतरी राहतं. आता पेन्सिल अलगद काढून घ्या. वरचं चुंबक कलतं, उलटं फिरतं आणि खालच्याला खटकन चिकटतं. नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर वस्तू स्थिरपणे तरंगत ठेवता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्येच सिद्ध केलं होतं. मॅग्लेव्हच्या अभियंत्यांची बरीचशी हुशारी ही पेन्सिलीची जागा भरून काढण्यात खर्ची पडली आहे.

त्यासाठी दोन वाटा निघाल्या. जर्मन ट्रान्सरॅपिडमध्ये गाडीच्या दोन्ही बाजू मार्गाच्या कडेला मिठी मारल्यासारख्या खाली वळलेल्या असतात. त्या वळलेल्या भागातले विद्युतचुंबक मार्गाच्या खालच्या अंगाकडे, म्हणजे वरच्या दिशेने ओढले जातात आणि गाडीला उचलतात. मधली फट असते सुमारे एक सेंटिमीटर. ती कमीजास्त झाली की संवेदक ते टिपतात आणि चुंबकातला प्रवाह बदलतो. हे सेकंदाला हजारो वेळा चालू असतं. जपानची वाट निराळी आहे. तिथे गाडीत नायोबियम-टायटेनियमची अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारी, वेटोळी असतात, द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेली. गाडी वेगाने जाऊ लागली की मार्गाच्या भिंतींमधल्या साध्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते आणि तीच गाडीला उचलून धरते. ही फट सुमारे दहा सेंटिमीटर आहे. भूकंपाच्या देशात हा मोकळेपणा हवाच.

आणखी एक गोष्ट पुढच्या सगळ्या उत्तरांसाठी लक्षात ठेवा. या वेगवान गाड्यांचं इंजिन गाडीत नसतं, ते मार्गात असतं. छतावरच्या पंख्याची मोटर चिरून सतरंजीसारखी सरळ अंथरली, तर तिच्यावरून चुंबक सरकत जाईल. तिला लिनियर मोटर म्हणतात. गाडी तीन किलोमीटर जायची असो की तीनशे, तेवढी मोटर जमिनीवर अंथरावी लागते.

म्हणजे चाकं अजिबात नसतात?

जपानी गाडीला असतात, रबराची. साधारण ताशी १५० किलोमीटरपर्यंत ती चाकांवरच धावते, कारण त्याखालच्या वेगात तिला उचलण्याइतका जोर तयार होत नाही. ट्रान्सरॅपिड मात्र उभी असतानाही तरंगू शकते.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. जर्मन अभियंता हेरमान केम्पर याला चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीचं पेटंट १९३४ मध्ये मिळालं. जपानमधलं संशोधन १९६२ पासूनचं, म्हणजे पहिली शिनकानसेन, ही चाकांची बुलेट ट्रेन, सुरू व्हायच्याही आधीचं. १९६०च्या दशकातच जेम्स पॉवेल आणि गॉर्डन डॅन्बी या ब्रूकहेवन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी अतिवाहक चुंबकांची कल्पना मांडली. पॉवेल यांना ती न्यूयॉर्कच्या एका पुलावर वाहतूककोंडीत अडकलेले असताना सुचली, असं सांगतात. जपानच्या मियाझाकी मार्गावर १९७९ मध्येच माणसाविना धावलेल्या गाडीने ताशी ५१७ किलोमीटर गाठले होते.

तेव्हा ‘तंत्रज्ञान अजून पिकलेलं नाही’ हे उत्तर मला पटत नाही. पन्नास वर्षं हा पुरेसा काळ असतो.

आज ती जगात कुठे कुठे धावते?

प्रवासी घेऊन रोज खऱ्या अर्थाने वेगात धावणारी एकच: चीनमधलं शांघाय, जर्मन ट्रान्सरॅपिडची गाडी, ३० किलोमीटर. बाकीच्या शहरी, हळू धावणाऱ्या. जपानमध्ये नागोयाजवळची लिनिमो २००५ पासून, सुमारे नऊ किलोमीटर. चीनमध्ये छांगशाच्या विमानतळाची गाडी २०१६ पासून, बीजिंगची एस-१ मार्गिका २०१७ पासून. या दोघी सुरू झाल्या तेव्हा त्यांचा कमाल वेग ताशी शंभरच्या आसपास होता, तेवढा तर आपल्या मेल गाड्याही गाठतात.

शांघायची गाडी कशी आहे? तिथे तर ती यशस्वी झाली ना?

मी २०१६ मध्ये कामानिमित्त गेले असताना तिच्यात बसले होते. पुदोंग विमानतळावर पन्नास युआनचं तिकीट काढलं आणि डब्यात बसले. दाराच्या वर वेगाचा आकडा दाखवणारी पट्टी होती आणि सगळ्यांच्या माना तिकडेच. गाडी निघाली तेव्हा लोकल सुटताना बसतो तसा हिसका नाही, फक्त पाठ हळूहळू आसनात रुतत गेली. दोनशे, तीनशे, चारशे. तीनेक मिनिटांत ४३१ आला आणि लोकांनी फोन काढून त्या आकड्याचे फोटो घेतले. वळणावर गाडी इतकी कलली की एका खिडकीत नुसतं आकाश आणि दुसरीत शेतं. मी समजत होते की तरंगणारी गाडी लोण्यावरून जाईल. तसं नव्हतं. बारीक थरथर सतत होती, पर्समधल्या किल्ल्या किणकिणत होत्या. मध्यावर समोरून दुसरी गाडी आली. आली असं म्हणायलाही वेळ मिळाला नाही. खिडकीवर धप्पकन हवेचा दणका बसला आणि ती गेलेली होती. मग वेग उतरू लागला. आठ मिनिटांत प्रवास संपला.

आणि संपला तो लोंगयांग रोडला. हे स्टेशन शहराच्या मध्यात नाही, पुदोंगमध्ये अलीकडेच आहे. तिथे सगळे उतरले, बॅगा ओढत मेट्रोच्या रांगेत लागले, पुन्हा सामानाची तपासणी, पुन्हा तिकीट. माझं हॉटेल नदीपलीकडे होतं. मॅग्लेव्हने वाचवलेली बरीचशी मिनिटं मी त्या जिन्यांवर आणि मेट्रोच्या फलाटावर घालवली. गंमत म्हणजे मेट्रोची तीच दोन नंबरची मार्गिका थेट विमानतळापर्यंतही जाते. हळू जाते, पण कितीतरी स्वस्तात आणि बदलाबदली न करता शहराच्या पोटात नेऊन सोडते.

गाडी उत्तम आहे, तिची देखभालही उत्तम होती. पण ती जिथे संपते तिथून पुढे जाऊ शकत नाही. ती हांगझौपर्यंत वाढवायची योजना होती. जानेवारी २००८ मध्ये मार्गालगतच्या रहिवाशांनी शांघायमध्ये रस्त्यावर येऊन विरोध केला आणि पुढे ती योजना मागे पडली. दरम्यान हांगझौला चाकांची वेगवान गाडी २०१० मध्ये जाऊ लागली. २०२१ पासून शांघायची मॅग्लेव्हही ताशी ३०० किलोमीटरनेच धावते.

जोडणी, जोडणी म्हणजे काय? वेगळा मार्ग बांधला तर बिघडलं कुठे?

कोकण रेल्वे डोळ्यांपुढे आणा. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. त्याच रुळांवरून मांडवी जाते, पॅसेंजर जाते, केरळकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, मुंबई-मडगाव वंदे भारत जाते, मालगाड्या जातात आणि १९९९ पासून मालवाहू ट्रक वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवाही जाते. कोकण रेल्वेचं स्वतःचं अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आतलं, पण तिला जोडलेलं जाळं हजारो किलोमीटरचं. दादरला बसलेला माणूस गाडी न बदलता कणकवलीला उतरतो. कोकण रेल्वेला दादर बांधावं लागलं नाही, ते आधीच होतं.

फ्रान्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये पॅरिस-ल्यों टीजीव्ही ही चाकांची वेगवान गाडी सुरू झाली तेव्हा नव्या मार्गाचा फक्त दक्षिणेकडचा भाग तयार होता. उत्तरेकडचा भाग १९८३ मध्ये झाला. मधली दोन वर्षं गाड्या थांबल्या नाहीत. पॅरिसहून त्या जुन्या रुळांवरून निघायच्या, वाटेत नव्या मार्गावर चढायच्या आणि तिथे वेग घ्यायच्या. नव्या मार्गाच्या पलीकडच्या गावांनाही त्या तशाच जुन्या रुळांवरून जायच्या. म्हणजे अर्ध्या खर्चातच फायदा सुरू झाला, आणि पॅरिसच्या मध्यात नवं स्टेशन, नवे बोगदे, नवं भूसंपादन काहीच करावं लागलं नाही.

मॅग्लेव्हला हे जमत नाही. पहिल्या खांबापासून शेवटच्या फलाटापर्यंत सगळं पुरं झाल्याशिवाय एकही तिकीट विकता येत नाही. शहराच्या मध्यात शिरायचं तर तिथेही स्वतःचाच मार्ग हवा, आणि शहराच्या मध्यातला किलोमीटर हाच सगळ्यात महाग. मालगाडी तर सोडूनच द्या.

पण मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही वेगळ्याच रुळांवर धावणार आहे. मग ती का चालते?

हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर टाळलं तर माझं वरचं सगळं म्हणणं लंगडं पडेल. ५०८ किलोमीटरचा तो मार्ग १,४३५ मिलिमीटरच्या रुंदीचा आहे, आपल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजशी त्याचा संबंध नाही. जपानची पहिली शिनकानसेनसुद्धा १९६४ मध्ये अशीच वेगळी उभी राहिली, कारण तिथलं जुनं जाळं अरुंद रुळांचं होतं.

फरक दोन ठिकाणी आहे. वेगळं असणं परवडण्याइतकी गर्दी टोकियो-ओसाका मार्गावर होतीच, जुना मार्ग अक्षरशः भरून गेला होता. त्याहून मोठा फरक म्हणजे मार्ग वेगळा असला तरी विद्या वेगळी नव्हती. पोलादी रूळ, पोलादी चाक, वरून येणारी वीज, सिग्नल, रूळ बदलायचे सांधे हे सगळं जगात हजारो माणसांना येतं आणि डझनभर कंपन्या बनवतात. उद्या एखाद्या देशाने गाड्या द्यायला नकार दिला, किंमत वाढवली किंवा ती कंपनीच बुडाली, तर त्याच रुळांवर दुसऱ्याची गाडी आणता येते. मॅग्लेव्हमध्ये गाडी आणि मार्ग मिळून एकच यंत्र असतं. जपानी गाडी जर्मन मार्गावर चालत नाही. एकदा एकाशी लग्न लावलं की जन्मभर त्याच्याच तोंडाकडे बघायचं.

मुंबईकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. मोनोरेल मॅग्लेव्ह नव्हे, पण दुखणं तेच होतं: चेंबूर ते जेकब सर्कल सुमारे २० किलोमीटर, आपल्या कुठल्याच गाड्यांशी न जुळणारी तुळई आणि सुट्या भागांसाठी परदेशी पुरवठादाराकडे डोळे. भाग मिळेनात तेव्हा चालू गाड्यांची संख्या घटली, आणि गाड्याच कमी म्हटल्यावर प्रवासी कशाला थांबतील?

खर्चाचं काय? नेमकी किती महाग पडते?

म्युनिकचे आकडे पाहा. मुख्य स्टेशन ते विमानतळ, ३७ किलोमीटर. अंदाज १.८५ अब्ज युरोंचा होता. मार्च २००८ मध्ये नवा हिशेब तीन अब्जांच्या वर गेला आणि प्रकल्प तिथल्या तिथे रद्द झाला.

जपानच्या चुओ शिनकानसेन या नव्या मॅग्लेव्ह मार्गाचा तोक्यो ते नागोया हा २८६ किलोमीटरचा टप्पा सुमारे साडेपाच लाख कोटी येनमध्ये व्हायचा होता. २०२१ मध्ये तो आकडा सात लाख कोटींवर गेला, आणि तिथेही थांबला नाही. पण इथे एक काळजी घ्यायला हवी. हा सगळा पैसा चुंबकांवर जात नाही. मार्गाचा सुमारे ८६ टक्के भाग बोगद्यात आहे. तो तसा का? ताशी पाचशेने जाणाऱ्या गाडीला वळण फार सैल लागतं. इथे वळणाची त्रिज्या आठ किलोमीटरपेक्षा कमी ठेवता येत नाही. आपला रस्ता डोंगर दिसला की वळसा घालतो, हिला वळसा घालता येत नाही, ती डोंगर फोडूनच जाते. म्हणजे महाग आहे तो वेग. चाकांची गाडी पाचशेने पळवायची ठरवली असती तरी हे बोगदे लागलेच असते.

घर्षण नाही म्हणजे वीज तर वाचत असेल?

हा सगळ्यात पक्का गैरसमज आहे. पोलादी चाकाचं पोलादी रुळावरचं घर्षण मुळातच फार थोडं असतं. रेल्वेचा शोध टिकला तो त्यामुळेच. वेग वाढला की खरा वैरी हवा असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी तीनशेवरून पाचशेवर गेलं, की तोच विरोध पावणेतीन पटींहून जास्त होतो. स्कूटरवरून हात बाहेर काढून बघणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. गाडी तरंगते आहे याचं हवेला काहीच सोयरसुतक नसतं.

सारख्याच वेगाला तुलना केली तर मॅग्लेव्ह चाकांच्या गाडीच्या बरोबरीने उतरते, हे मान्य केलं पाहिजे. पण सारख्याच वेगाने जायचं असेल, तर ती बांधायची कशाला?

चाकांची गाडी ताशी तीनशेच्या वर जाऊच शकत नाही ना?

१९७०च्या दशकात बऱ्याच अभियंत्यांना असंच वाटत होतं, आणि मॅग्लेव्हवर सरकारी पैसा लागला त्यामागे ही समजूत होती. चाक घसरेल, वरची तार तुटेल, रूळ टिकणार नाहीत. मग टीजीव्हीने १९८१ मध्ये ताशी ३८०, १९९० मध्ये ५१५ आणि ३ एप्रिल २००७ रोजी ५७४.८ किलोमीटर गाठले. अर्थात हे विक्रम होते, त्यासाठी गाडी आणि तारा मुद्दाम तयार केल्या होत्या. पण रोजचा वेगही ३००-३५०पर्यंत चढला. ज्या फरकाच्या भरवशावर मॅग्लेव्ह उभी होती, तो फरकच चाकांनी खाऊन टाकला.

चीनने या बाबतीत जे केलं ते मला सर्वात बोलकं वाटतं. बीजिंग-शांघाय या १,३१८ किलोमीटरच्या मार्गासाठी मॅग्लेव्ह की चाकं, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. पैसा होता, इच्छाशक्ती होती, शांघायमध्ये चालणारी मॅग्लेव्हही हाताशी होती. निवड झाली चाकांची, आणि २०११ मध्ये मार्ग सुरू झाला. आज चीनचं वेगवान रेल्वेचं जाळं ४५ हजार किलोमीटरच्या पुढे आहे आणि त्यातल्या गाड्या एका मार्गावरून दुसऱ्यावर जातात. मॅग्लेव्ह विकत घेतलेल्या देशानेच मॅग्लेव्हच्या विरोधात दिलेला हा कौल आहे.

जर्मनीने स्वतः शोध लावला, मग स्वतःच का सोडली?

हॅम्बुर्ग-बर्लिन हा २९२ किलोमीटरचा मार्ग जर्मनीच्या एकत्रीकरणानंतर ठरला होता. फेब्रुवारी २००० मध्ये तो रद्द झाला: खर्च वाढत होता आणि प्रवाशांचे अंदाज टिकत नव्हते. पुढे त्या दोन शहरांमधला जुनाच मार्ग सुधारला, आणि चाकांची गाडी ताशी २३० किलोमीटरने दोन तासांच्या आत पोचू लागली. हा मार्ग झाला असता तर मॅग्लेव्हची गोष्ट बदलली असती, असं मला आजही वाटतं.

मग लाथेनचा अपघात झाला. २२ सप्टेंबर २००६, एम्सलँडचा चाचणीमार्ग, सकाळची वेळ. मार्ग झाडणारी देखभालीची गाडी अजून मार्गावरच उभी होती आणि नियंत्रण कक्षातून ट्रान्सरॅपिडला निघायची परवानगी मिळाली. ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने ती त्या गाडीवर आदळली. २३ माणसं गेली. एका मार्गखंडात दोन मॅग्लेव्ह एकमेकींवर आदळू शकत नाहीत, हे खरंच होतं, कारण मार्गातली मोटर एका वेळी एकाच गाडीला चालवते. पण देखभालीची गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत होती, त्या स्वयंचलित व्यवस्थेला ती दिसत नव्हती. तिथे सगळं माणसाच्या नोंदवहीवर सोडलेलं होतं. रेल्वेत काम केलेल्यांना हे वाचताना पोटात गोळा येतो, कारण ब्लॉक घेऊन मार्गावर उतरलेल्या प्रत्येक माणसाचा जीव अशाच एका नोंदीवर टांगलेला असतो. चुंबकांचा त्यात दोष नव्हता. तरी दीड वर्षाने म्युनिकचा प्रकल्प रद्द झाला आणि काही वर्षांत चाचणीमार्गही बंद पडला.

एका मार्गावरून दुसऱ्यावर ही गाडी जाते कशी?

कष्टाने. साध्या रेल्वेत सांधा बदलायला दोन निमुळत्या पट्ट्या काही सेंटिमीटर सरकवाव्या लागतात. ट्रान्सरॅपिड मार्गाला मिठी मारून बसलेली असते, म्हणून अख्खी लांबलचक पोलादी तुळईच यंत्राने वाकवावी लागते. ते चालतं, भरवशाचंही आहे. पण ज्या स्टेशनात पंधरा-वीस फलाट आहेत तिथे असे सांधे किती बसवणार?

कमी वेगाची शहरी मॅग्लेव्ह तरी का वाढली नाही?

हिचे गुण खरे आहेत. आवाज कमी, चाकं-रूळ झिजत नाहीत, चढ सहज चढते. तरी इतिहास फारसा बरा नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विमानतळावर १९८४ मध्ये जगातली पहिली व्यावसायिक प्रवासी मॅग्लेव्ह सुरू झाली, जेमतेम ६०० मीटरची. अकरा वर्षांत तिचे इलेक्ट्रॉनिक भाग कालबाह्य झाले, बदली भाग मिळेनात, आणि १९९५ मध्ये ती बंद झाली. बर्लिनची एम-बान जुलै १९९१ मध्ये रीतसर सुरू झाली आणि त्याच महिन्यात बंद झाली: भिंत पडली होती, दुभंगलेली भुयारी रेल्वे पुन्हा जोडायची होती आणि एम-बान नेमकी त्या जागेवर उभी होती. जुन्या रुळाची जोडणी परत मिळवण्यासाठी नवी गाडी मोडली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. दक्षिण कोरियात इंचॉन विमानतळाजवळची सहा किलोमीटरची गाडी २०१६ मध्ये सुरू झाली, तिकीटसुद्धा नव्हतं. २०२२ मध्ये तिलाही थांबावं लागलं.

लिनिमोची एक आठवण मुंबईकरांनी ऐकावी अशी आहे. ती २००५च्या आइची जागतिक प्रदर्शनासाठी बांधली. तिथे गर्दी मर्यादेपलीकडे गेली तेव्हा वजन जास्त झालं म्हणून गाडी उचललीच जाईना. चाकाची गाडी ठरल्यापेक्षा दुप्पट माणसं घेऊन कुरकुरत का होईना, जाते. सकाळची विरार लोकल रोज तेच करते. चुंबक मात्र ठरलेल्या वजनावर अडून बसतो.

चुंबकीय क्षेत्राचा प्रवाशांना त्रास होतो का?

शांघायच्या रहिवाशांच्या विरोधात हीच भीती होती. ट्रान्सरॅपिडच्या चुंबकांचं क्षेत्र त्या छोट्याशा फटीतच मावतं, डब्यात फार थोडं येतं. जपानी गाडीतले चुंबक फार शक्तिमान आहेत, म्हणून ते डब्यांच्या टोकांना ठेवले आहेत आणि मध्ये आवरण घातलं आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या आत ते बसतं. या कारणाने मॅग्लेव्ह कुठे अडली असं म्हणता येत नाही.

जपान तरी पुरी करणार का? तिथे काय अडलंय?

पाणी अडलंय. तोक्योचं शिनागावा ते नागोया चाळीस मिनिटांत, ही गाडी २०२७ मध्ये धावायची होती. मार्ग दक्षिण आल्प्स या जपानमधल्याच पर्वतरांगेच्या पोटातून जातो, सुमारे २५ किलोमीटरचा बोगदा, वर काही ठिकाणी १,४०० मीटर डोंगर. या बोगद्याचा नऊएक किलोमीटरचा तुकडा शिझुओका प्रांतातून जातो. तिथेच ओई नदीचा उगम आहे. बोगदा खणल्यावर डोंगरातलं पाणी बोगद्यात झिरपेल आणि नदीचा प्रवाह सेकंदाला दोन घनमीटरपर्यंत घटू शकेल, असा अंदाज रेल्वे कंपनीनेच २०१३ मध्ये दिला होता. खालच्या खोऱ्यात लाखो लोक या नदीवर जगतात, चहाचे मळे आहेत. आणि शिझुओकात या गाडीचं एकही स्टेशन नाही. पाणी आमचं जाणार आणि गाडी आमच्या पायाखालून निघून जाणार, याला राज्यपाल हेइता कावाकात्सु यांनी वर्षानुवर्षं संमती दिली नाही. मार्च २०२४ मध्ये कंपनीने २०२७ जमणार नाही असं सांगितलं आणि पुढची तारीख २०३४ किंवा त्यानंतरची दिली. कावाकात्सु त्याच वर्षी पायउतार झाले, बोलणी पुढे सरकू लागली.

धरण, घाट, बोगदा यांत कोणाच्या विहिरीचं पाणी गेलं हे आपल्याकडेही गावोगाव सांगतात. म्हणून मला शिझुओकाच्या शेतकऱ्यांना ‘प्रगतीचे विरोधक’ म्हणवत नाही. त्याच वेळी हा प्रकल्प पुरा व्हावा असंही मनापासून वाटतं, कारण मॅग्लेव्हला हवी ती सगळी परिस्थिती जगात इथेच जुळून आली आहे: दोन टोकांना प्रचंड शहरं, मधला जुना मार्ग भरलेला आणि भूकंपाच्या छायेत, आणि दहा-दहा वर्षं थांबू शकणारी पैसेवाली कंपनी. तरीही तिला २०१६ मध्ये सरकारकडून तीन लाख कोटी येनचं कर्ज घ्यावं लागलं.

भारतात मॅग्लेव्हची काही शक्यता?

बोलणी झाली आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये भेल ही आपली सरकारी कंपनी आणि स्वित्झर्लंडची स्विसरॅपिड यांचा मॅग्लेव्हसाठी करार झाला. पुणे-मुंबई हायपरलूप तर सगळ्यांना आठवत असेल. नळीतली हवा काढून त्यात तरंगणारी गाडी सोडायची, म्हणजे तीही मॅग्लेव्हच. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती बांधू पाहणाऱ्या कंपनीशी करार केला, २०१९ मध्ये मंजुरी दिली, आणि २०२३च्या अखेरीस ती कंपनीच बंद झाली.

पण मुंबई-पुण्याची एक गोष्ट मला मॅग्लेव्हच्या बाजूने मांडावीशी वाटते. बोर घाटात ३७ला १ असा चढ आहे, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. तेवढ्यासाठी कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. तेवढ्या वेळात आपण वडापाव खाऊन घेतो. ट्रान्सरॅपिड दहा टक्के चढ चढू शकते, कारण तिला रुळाला पकडून चढायचं नसतं. घाट हा तिचा बालेकिल्ला आहे. मात्र पुढचा हिशेब केला की उत्साह थंडावतो: ती पुण्यातून निघून ठाण्याला, दादरला कुठून शिरणार? आणि सोलापूर, कोल्हापूरहून येणारा माणूस पुण्यात उतरून पुन्हा गाडी का बदलेल? तेवढ्या पैशात कर्जत-लोणावळा नवा, सौम्य चढाचा मार्ग झाला, तर त्यावरून लातूरची गाडीही जाईल आणि कांद्याची मालगाडीही. निवड माझ्या हातात असती, तर मी तो मार्ग आधी मागितला असता.

आज मॅग्लेव्हमध्ये बसायचं असेल तर कुठे जावं?

शांघायला सर्वात सोपं. लोंगयांग रोड हे मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गिकेवरचं स्टेशन आहे, तिथून विमानतळाकडे बसा. सामान थोडं ठेवा. जपानला गेलात तर यामानाशीच्या चाचणीमार्गालगत प्रदर्शन केंद्र आहे, चाचणी चालू असलेल्या दिवशी तिथून पाचशेने जाणारी गाडी बघता येते. नागोयात असाल तर मेट्रोच्या हिगाशियामा मार्गिकेवर शेवटच्या फुजिगाओका स्टेशनापर्यंत जा आणि तिथून लिनिमो पकडा. तिला चालक नसतो, म्हणून समोरची काच प्रवाशांसाठी मोकळी असते. मुलं बरोबर असतील तर पहिल्या डब्यात चढा.